मृगजळाला दृष्टिभ्रम म्हणावं का?

मे महिन्यात परभणीहून गंगाखेडला जाताना भाची ओरडली, "मामा, पुढं रोडवर पाणी दिसायलंय!" मी सांगितलं, दृष्टिभ्रम आहे. तिनं मोबाइलवर फोटो काढला, तर त्यातही पाणी. "मग मोबाइललाबी भ्रम झाला का?" मला उत्तर सुचलं नाही. शब्द चुकला का माझा?

दादा, भाचीची शंका अगदी रास्त आहे. तापलेल्या डांबराला लागून असलेली हवा विरळ होते. आभाळाकडून तिरपा येणारा प्रकाश तिच्यात वाकून पुन्हा वर वळतो आणि आभाळाचा तुकडा रस्त्यावर दिसतो. कॅमेऱ्यातही तोच प्रकाश शिरतो. त्याला पाणी समजतो ते आपण. म्हणून मृगजळाला मी 'आभास' म्हणेन. 'भास्' या धातूचा अर्थच प्रकाशणं, दिसणं. 'भ्रम्' म्हणजे फिरणं. 'भ्रमण' त्यातूनच आलं. आपल्याकडे रात्री शेतात वाट चुकून माणूस त्याच बांधाभोवती फिरत राहिला की 'चकवा लागला' म्हणतात. भ्रमाच्या मूळ अर्थाला इतका जवळचा दुसरा शब्द मला माहीत नाही.

खरा दृष्टिभ्रम पाहायचा तर म्युलर-लायर यांच्या 1889 सालच्या रेघा काढून दाखवा. दोन सारख्या रेघा. एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. बाहेर उघडलेली हटकून लांब वाटते. फोटोत मोजा, दोन्ही सारख्याच.

अजिंठ्याला गेलात तर पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावरची चार हरणंही तिला दाखवा. चौघांत मिळून डोकं एकच, आणि ज्या धडाकडे पाहावं त्याचंच ते वाटतं. इथं 'भ्रम' मला जड वाटतो, कारण नजर चुकत नाही. शिल्पकारानंच चार हरणं एका डोक्यात बसवली आहेत. 'नजरेचा चकवा' म्हणावं, फार गोड शब्द आहे.

ताई, पटलं. पण मग दोरीवर साप दिसतो तो?

तो भ्रम, पण 'दृष्टिभ्रम' म्हणताना मी थांबेन. बॅटरी मारली की साप जातो. त्या रेघा मात्र पट्टीनं मोजल्यावरही लहान-मोठ्याच दिसत राहतात. आणि दोरीसुद्धा नसताना साप दिसला, तर त्याला मानसशास्त्रात वेगळाच शब्द आहे: निर्वस्तुभ्रम.