शिअर : कातर, कर्तन की कर्तरी?

प्रश्न
प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या तुळईतल्या शिअरचे, म्हणजे लगतचे भाग एकमेकांवरून सरकवू पाहणाऱ्या बलाचे, नियम मराठीत लिहायला घेतलेत. शिअरला कुणी कातर लिहितं, कुणी कर्तन, कुणी कर्तरी ताण. काय वापरू? आणि प्रीस्ट्रेस्डला 'पूर्वताणित' चालेल ना?

प्रतिसाद
कर्तरी नको, वाचणारा थेट व्याकरणाच्या तासाला जाऊन बसतो. 'कातरबल' म्हटलं की मला कातर स्वर ऐकू येतो. कर्तन बरं.

'पूर्वताणित' मात्र उलटा शब्द आहे. ताणलेली असते ती केबल; तिच्या ओढीने काँक्रीट दाबलं जातं. 'पूर्वप्रतिबलित' जिभेला जड, पण निदान खोटं बोलत नाही.

प्रश्नकर्ता
मग पोस्ट-टेन्शन्डचं काय? 'पश्चताणित पूर्वप्रतिबलित तुळई'! आधी की नंतर, एकदा ठरवा की.

प्रतिसाद
दोन्ही खरं आहे. 'पूर्व' म्हणजे भार यायच्या आधी. 'पश्च' म्हणजे केबल ताणली ती काँक्रीट कडक झाल्यावर. विचित्र दिसतं, पण इंग्रजीतही हाच घोळ आहे.

आणखी एक प्रतिसाद
माझी तक्रार 'कर्तन'बद्दलच आहे. कात्री चालल्यासारखी तुळई कापली जात नाही. वेबमध्ये, म्हणजे तुळईच्या मधल्या उभ्या भागात, तिरपा ताण येतो आणि काँक्रीट त्या ताणाने फाटतं. हे ध्यानात घेतलं नाही तर केबलच्या दाबाचा शिअरशी संबंध काय, तेच कळत नाही.

आकडे घालून बघा. काँक्रीट 1.5 न्यूटन प्रति चौ. मिमी ताणाला फाटतं असं धरू. केबल नसेल तर तुळईच्या उंचीच्या मध्यावर कर्तन प्रतिबल (दर चौ. मिमीवरचं बल) 1.5 झालं की 45 अंशांत तडा. आता 4 चा दाब द्या: 1.5 चा वर्ग अधिक 1.5 गुणिले 4, त्याचं वर्गमूळ 2.87. जवळजवळ दुप्पट! शिवाय तडा आडवा होऊन 28 अंशांच्या आसपास येतो, म्हणजे वाटेत जास्त रिंगा (स्टिरप, तुळईतल्या उभ्या सळ्यांच्या कड्या) सापडतात. आयएस 1343 या प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या भारतीय मानकातलं न तडकलेल्या छेदाचं सूत्र हेच आहे, फक्त दाबाला 0.8 ने गुणून थोडा हात आखडता घेतलाय. सूत्राच्या सुरुवातीला जो 0.67 चा गुणक आहे, त्याला पोरं घाबरतात. आयताकृती छेदात मधलं कर्तन सरासरीच्या दीडपट असतं, त्या दीडाचा तो व्यस्त.

प्रतिसाद
तिरक्या केबलचा उभा घटकही लिहा. 1000 किलोन्यूटनची केबल 0.08 उताराने गेली तर 80 किलोन्यूटन कर्तन परस्पर वजा. पण वाकण्याने तडकलेल्या छेदात तो धरायचा नाही, हे त्याच ओळीत येऊ दे.

प्रश्नकर्ता
ठरलं : कर्तन, पूर्वप्रतिबलित, आणि पहिल्याच परिच्छेदात 'तिरपा ताण'. स्टिरपला मात्र रिंगच लिहिणार. 'कर्तन-प्रबलन' लिहिलं तर बार बांधणारे माझ्याकडेच बघत राहतील.