व्हॅनमध्ये बेड आडवा की उभा?

राजारामपुरीकर: जुनी टाटा विंगर व्हॅन घेतलीय, आत झोपायची सोय करायचीय. आम्ही दोघं आणि आठ वर्षांची पोरगी. माझी उंची पाच फूट अकरा. गाडीच्या रुंदीत आडवा बेड मावेल का? फॅब्रिकेटर म्हणतोय, सगळ्या सीटा काढून कडेला लांब बाकडी टाकू, स्वस्तात बसतंय.

उद्यमनगरवाला: दादा, त्याला थांबवा आधी. बाकडी झोपायला झकास, पण चालत्या गाडीत त्यावर पोरीला बसवायचं नाही. आंबा घाटात करकचून ब्रेक लागला की कडेला तोंड करून बसलेल्याचा मणका पिळवटतो, पट्टा असला तरी. मधली पुढं तोंड असलेली सीट मूळच्या बोल्टवर, पट्ट्यासकट राहू दे. प्लायवर स्क्रू मारून बसवलेली सीट धक्क्याला उपटून येते.

बेड उभाच करा, म्हणजे गाडीच्या लांबीत. दोन्हीकडचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) आणि पॅनेल धरून आतली रुंदी टेपनं मोजा, मग कळेल आडवं झोपून गुडघे कुठं जातात ते. सीटमागं समोरासमोर दोन बाकडी, फोम धरून सतरा-अठरा इंच उंच. मधली फळी रात्री एल-अँगलवर (काटकोनी लोखंडी पट्टीवर) बसवायची, दिवसा तेच टेबल. फळीला कडी हवीच, नाहीतर ब्रेकला थेट डोक्यात. आणि गॅस सिलिंडर बेडखाली कोंबू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो.

घाटवाट: कापाकापीआधी आरटीओत जाऊन या. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52, गाडीतल्या बदलांबद्दलचं. परवानगीशिवाय बदल केला तर विम्याच्या क्लेमलाही फाटे फुटतात.

राजारामपुरीकर: सीट ठेवतो. पण मागचं दार आतून उघडत नाही, चालेल?

उद्यमनगरवाला: अजिबात नाही. आतून हँडल बसवून घ्या, मग फोमचं बघू.