अण्णांचा एअरब्रश कोणत्या कंपनीचा? (‘आजोळ’ ग्रुपवरची चर्चा)

तुषार: गिरगावच्या खोलीतलं लोखंडी कपाट आज रिकामं केलं. खालच्या खणात अण्णाआजोबांचा एअरब्रश निघाला, हवेच्या जोरावर रंग फवारायचा तो. मखमल लावलेली डबी, आत दोन जादा सुया. झाकणात फोर्टातल्या एका दुकानाचं लेबल आहे. हीच कंपनी का? फोटो टाकतोय.

नंदामावशी: अगबाई, अजून आहे तो? आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत कधी.

शिरीषमामा: दुकान म्हणजे कंपनी नव्हे रे. ते विकणारे. बाहेरून माल मागवायचे आणि डबीत आपलं लेबल चिकटवायचे. शिवाय डबी मूळचीच कशावरून? अंगावर काय कोरलंय ते बघ.

तुषार: काही दिसत नाही. सगळं काळवंडलंय.

नंदामावशी: पितांबरी लाव. दोन मिनिटांत लख्ख होईल.

शिरीषमामा: नको नको! नंदा, त्यावर निकेलचा मुलामा आहे. घासलं की आधी अक्षरं जायची, मग मुलामा. नाव शोधायचंय आणि तू नावच पुसायला निघालीस.

नंदामावशी: बरं बाबा. मी आपली पितळेची भांडी घासते.

प्राजू: तुषार, रंगाची वाटी कुठे आहे? वर की बाजूला? आणि ती सुटते का?

तुषार: वरच. सुटत नाही, अंगातच आहे. अगदी लहान, चमचाभरसुद्धा रंग मावणार नाही. वर एक बटण आहे, ते खाली दाबलं जातं आणि मागेही सरकतं.

प्राजू: बटणावरून काही कळणार नाही. दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग, हे बऱ्याच जणांचं सारखंच असतं. वाटी महत्त्वाची. शिकागोच्या पाशे किंवा थेयर अँड चँडलर या कंपन्यांच्या जुन्या एअरब्रशची वाटी बहुतेक बाजूला खोचलेली असते, काढता येते. पाशेचं एबी मॉडेल तर लगेच ओळखू येतं. त्यात हवेवर फिरणारं एक चाक असतं आणि ते सुईला शिवणयंत्रासारखं पुढेमागे चालवतं. तसं काही नाही ना?

तुषार: नाही. सरळ पेनासारखा आहे.

प्राजू: मग इंग्लिश किंवा जपानी. माझा जपानी इवाटा आहे, त्याची वाटीही वरच असते. माझी नळी लावून बघूया. इवाटाचा आटा एक अष्टमांश इंच बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचा, तो बसला तर जपानीकडे झुकता येईल.

शिरीषमामा: आणि नाही बसला तर एवढंच कळेल की तो नाही. पूर्वी प्रत्येक कंपनीचा आटा वेगळा, म्हणजे नळीसुद्धा त्यांच्याकडूनच घ्यावी लागायची. धंदा बघ कसा करायचे.

तुषार, मोबाइलचा टॉर्च लाव आणि समोरून न मारता अंगाला जवळजवळ टेकवून आडवा धर. कोरलेल्या अक्षरांची सावली पडते. प्रेसमध्ये प्लेटवरचे ओरखडे आम्ही असेच शोधायचो.

विनू: ओएलएक्सवर टाका, ॲंटिक म्हणून

विनू: _हा मेसेज डिलीट केला आहे_

नंदामावशी: वाचला मी विनू.

तुषार: मामा, दिसलं!! वाटीच्या मागे एक ओळ आहे, फार झिजलीय. ‘…ग्राफ’ आणि खाली ‘४३ …बॉर्न व्हायाड…’. पुढचं गेलंय.

अमोघ (लंडन): होबर्न व्हायाडक्ट! मी रोज तिथूनच ऑफिसला जातो. फॅरिंग्डन स्ट्रीटच्या डोक्यावरचा लोखंडी पूल.

शिरीषमामा: संपलं मग. एरोग्राफ कंपनी, ४३ होबर्न व्हायाडक्ट, लंडन. मूळ माणूस अमेरिकन, चार्ल्स बर्डिक. त्याने लंडनला येऊन १८९३ मध्ये फाउंटन ब्रश कंपनी काढली, तीच पुढे एरोग्राफ झाली. स्वतः जलरंगात चित्रं काढायचा. असं सांगतात की रॉयल अकादमीने त्याचं चित्र परत केलं, कारण काय तर ते यंत्राने रंगवलंय! अण्णांनाही हेच ऐकावं लागायचं. ब्रशने काढतो तो चित्रकार आणि हवेने काढतो तो मिस्त्री.

नंदामावशी: मुळगावकरांना म्हणून दाखवा म्हणावं मिस्त्री. त्यांच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर गालांचा तो मऊ रंग एअरब्रशचाच ना?

शिरीषमामा: अर्थात. पण अण्णांचं काम निराळं होतं. ते रिटचिंगवाले. डिझेल इंजिन, पाण्याचे पंप, लेथ, असल्या यंत्रांचे फोटो कॅटलॉगसाठी यायचे. मूळ फोटोत मागे कारखान्याचा पसारा, यंत्रावर तेलाचे डाग. अण्णा ब्रोमाइड प्रिंटवर, म्हणजे कागदावर छापलेल्या फोटोवर, कागदाचे मास्क कापून ठेवायचे, एकेक भाग उघडा करायचे आणि पांढरा नि करडा असा फवारा मारून लोखंड नवंकोरं करायचे. मग तो प्रिंट ब्लॉकमेकरकडे, छपाईचा ठसा करायला. एका इंजिनाला दोन-तीन दिवस सहज जायचे. आज हे फोनवर होतं, पण नळकांड्याच्या गोलाईवरची ती उजेडाची पट्टी मला तरी त्यात दिसत नाही.

हवेच्या टाकीला पायपंप होता. भरायला मी. पगार शून्य.

प्राजू: साल काढता येईल का? नंतर एरोग्राफला अमेरिकेच्या डेव्हिलबिसचं नाव जोडलं गेलं. सुपर ६३ वगैरे मॉडेलं त्या काळातली. तुषार, ‘डेव्हिलबिस’ कुठे दिसतंय का? मागची दांडी फिरवून काढ, तिच्यावरही बघ.

तुषार: दांडी निघाली. आत, बाहेर, कुठेच नाही.

प्राजू: मग त्याआधीचा असणार.

शिरीषमामा: शक्य आहे, पण नाव नाही एवढ्यावरून मी पैज लावणार नाही. झिजलेल्या भागात काय होतं कुणास ठाऊक. आणि अण्णा कामाला लागले १९५१ साली. इतका जुना असेल तर त्यांनी नवा घेतलेला नाही.

नंदामावशी: नव्हताच नवा. त्यांच्या स्टुडिओतले हेड आर्टिस्ट निवृत्त झाले, त्यांच्याकडून घेतला होता. हप्त्याने. आई कितीतरी दिवस धुसफुसत होती, पंख्याचे पैसे त्यात गेले म्हणून.

शिरीषमामा: हे मला माहीतच नव्हतं!

नंदामावशी: तू पंप मारत होतास.

अमोघ (लंडन): 😂😂

तुषार: सुई अडकलीय. पक्कड लावू?

प्राजू: अजिबात नाही! पुढचं नोझल इवलंसं असतं, सुई जोरात ओढलीस किंवा दाबलीस तर फाटतं, आणि ह्याचं नोझल आता कुठून आणणार? पुढची टोपी हाताने सुटली तर काढ, नाहीतर राहू दे. टोक थिनरमध्ये रात्रभर बुडवून ठेव. फक्त टोक, बटणाच्या खाली हवेच्या झडपेत पॅकिंग असतं, तिथे थिनर जाऊ देऊ नको. हातमोजे घाल, जुन्या पांढऱ्यात शिसं असू शकतं.

विनू: मग ठेवायचा कुणी?

नंदामावशी: जो चालवेल त्याने.

प्राजू: 🙋‍♀️

शिरीषमामा: प्राजू, आटा मोजायचं गेज माझ्याकडे आहे. रविवारी ये, लेथवाल्याकडून जोड करून घेऊ. कॉम्प्रेसर तुझा आण, मी आता पंप मारणार नाही.