मदत हवी आहे: इंग्रजी ईमेलमध्ये ‘कद्रूपणा करू नका’ कसं लिहायचं? (मीन, चीप, स्टिंजी, मायझरली…)

टॉवेल_डेस्क

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघतो. मालक मराठीत सांगतात, मी इंग्रजीत उतरवतो. एरवी निभतं, सध्या एका शब्दावर गाडी अडली आहे.

इंग्लंडचं एक गिऱ्हाईक आहे. जुनं, पैशाला चोख. गेल्या ऑर्डरला ४५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाचा) माल घेतला, आता त्याच दरात ५०० जीएसएम मागतंय. ७० बाय १४० सेंटिमीटरचा टॉवेल धरला तर नगामागे जवळपास ५० ग्रॅम सूत जास्त, आणि पैसे तेवढेच. वर ईमेलमध्ये ओळ: ‘आय होप यू डोन्ट थिंक वुई आर बीइंग मीन.’ मालकांच्या पुतण्याने याचा अर्थ ‘आम्ही दुष्टपणा करतोय असं समजू नका’ असा लावला. अकाउंटवाल्या सरांच्या मते मीन म्हणजे सरासरी, म्हणजे तो सरासरी दराबद्दल काहीतरी बोलतोय. त्याच आठवड्यात अमेरिकेच्या पार्टीने लिहिलं, ‘वुई आर नॉट ट्राइंग टू बी चीप.’ त्यावर तर ऑफिसात हशाच पिकला. आपल्याकडे चीप माणूस म्हणजे थिल्लर, हलक्या वळणाचा. आणि हे लोक स्वतःच खुलासा देत बसलेत!

मालकांना इंग्लंडला उत्तर द्यायचंय: ‘इतका कद्रूपणा बरा नव्हे, इतक्या वर्षांचे संबंध आहेत.’ त्यांच्या वडिलांच्या वेळची एक डिक्शनरी टेबलावर असते, पाठीला टॉवेलची किनार डकवलेली. त्यातून त्यांनी ‘निगार्डली’ शब्द काढून खाली पेन्सिलने रेघ मारून दिली आहे. तो शब्द कधी कुणाच्या पत्रात पाहिलेला नाही, म्हणून पाठवायला हात धजत नाही. स्टिंजी, मायझरली, मीन, चीप, टाइट हे सगळे एकच का? आणि धंद्याच्या पत्रात यातला कुठला चालेल?

गड्डा_यात्रा

कंजूष = मायझर. विषय संपला. पाठवून द्या मालक.

पुणेरी_पगडी_नाही

आधी तो दर वाढवून देतोय का ते विचारा, शब्दाचं नंतर बघू.

लीड्सवाला_सोलापूरकर

दोन्ही गिऱ्हाइकांनी एकच गोष्ट लिहिली आहे मालक, फक्त मध्ये अटलांटिक महासागर आहे.

ब्रिटनमध्ये ‘मीन’ म्हटलं की पैशाच्या बाबतीत हात आखडता घेणारा हा अर्थ अगदी रोजचा. ‘ही इज मीन विथ हिज मनी.’ अमेरिकेत ‘मीन’चा पहिला अर्थ दुष्ट, खवट. वर्गात छळणारा पोरगा ‘मीन’. म्हणजे तुमच्या पुतण्याने अमेरिकन मालिका पाहून ब्रिटिश पत्र वाचलं. अमेरिकन माणसाला कंजूष म्हणायचं असेल तर तो सरळ ‘चीप’ म्हणतो. त्यात चारित्र्याचा काही संबंध नाही, खिशाचा आहे. पक्क्या चिक्कूला तिकडे ‘चीपस्केट’ किंवा ‘टाइटवाड’ म्हणतात, पण ही दोन्ही नावं चारचौघांत मागे बोलायची, पत्रात नाहीत.

‘टाइट’ दोन्हीकडे समजतो. ‘बजेट इज टाइट’ हे सभ्य, कारण तिथे दोष बजेटला जातो. ‘यू आर टाइट’ म्हणजे मूठ सुटत नाही. (शिवाय जरा जुन्या बोलीतल्या इंग्रजीतही टाइट म्हणजे प्यायलेला. हा अर्थ आपण कुणाकडून शिकलो नसणार, शनिवारी रात्री आपोआप सुचला असेल.)

वर्गावरून

मी इंग्रजी शिकवते. पहिल्या उत्तराला विरोध नोंदवते. मायझर म्हणजे नुसता कंजूष नव्हे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ दीनवाणा, दुःखी. ‘मिझरी’ त्याच कुळातला. मायझर स्वतःही खात नाही: पेटीत पैसा आणि अंगावर ठिगळं. तुमचं गिऱ्हाईक ५०० जीएसएमचा टॉवेल मागतंय, म्हणजे त्याला चांगलं हवंय, फक्त दुसऱ्याच्या खर्चाने. तो मायझर कुठला? त्याला ‘स्टिंजी’ म्हणता येईल, कारण स्टिंजी माणूस द्यायच्या वेळेला आखडतो, मग स्वतः कितीही मजेत राहो. आणि हे पैशापुरतं नाही. ‘स्टिंजी विथ प्रेज’ म्हणजे कौतुकाचे दोन शब्द ज्याच्या तोंडून निघत नाहीत तो. असे साहेब सगळ्यांनाच भेटलेले असतात.

‘मायझरली’ मात्र रकमेला लावता येतं, म्हणजे ‘अ मायझरली इन्क्रीज’, जेमतेम वाढ. तरी पत्रात टोचेलच.

आता निगार्डली. मालकांना हात जोडून सांगा, नको.

कोशकीटक

का नको? निगार्ड हा मध्ययुगीन इंग्रजीतला शब्द आहे, उगम बहुधा स्कँडिनेव्हियन. काळ्या लोकांना दिल्या जाणाऱ्या, ऐकायला सारख्या वाटणाऱ्या त्या घाणेरड्या शिवीशी त्याचं काहीएक नातं नाही. ती शिवी लॅटिनमधल्या ‘काळा’ या अर्थाच्या शब्दावरून आली. मालकांची डिक्शनरी बरोबर आहे.

वर्गावरून

डिक्शनरी बरोबरच आहे, पण गिऱ्हाईक डिक्शनरी उघडून ईमेल वाचत नाही. जानेवारी १९९९ मध्ये वॉशिंग्टनच्या महापौरांच्या कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याने बैठकीत निधीबद्दल बोलताना हाच शब्द वापरला, अगदी योग्य अर्थाने. एका सहकाऱ्याला ती शिवी वाटली, गवगवा झाला आणि त्या अधिकाऱ्याने राजीनामा दिला. पुढे त्याला पुन्हा नोकरी देऊ केली गेली, पण व्हायचा तो तमाशा होऊन गेला होता. तिथे माणूस समोर उभा राहून खुलासा करू शकत होता. तुमचं पत्र समुद्रापलीकडे एकटं जाणार. हातात पाच शब्द असताना हाच का घ्यायचा?

कोशकीटक

व्युत्पत्तीचा मुद्दा सोडत नाही. पण टॉवेलच्या पत्रात मीही वापरणार नाही, हे कबूल.

अशोक_चौक

आमच्या शेडमध्ये तेलुगूत पिसिनारी म्हणतात, कन्नडवाले जिपुण म्हणतात. दोन्हीतलं एक लिहून टाका, मालकांचं समाधान आणि गोऱ्याला पत्ता नाही 😄

टॉवेल_डेस्क

अशोक चौक भाऊ, मालक स्वतः पिसिनारीच म्हणाले होते, मराठी मी केलं!

लीड्सवाले दादा, ताई, फार मोठी अडचण सोडवलीत. आता एक उपप्रश्न. नव्या कॅटलॉगमध्ये मालकांना कारखान्याबद्दल चार ओळी हव्यात, त्यात ‘आम्ही काटकसरी’ हे पाहिजेच. आणि खोटं नाही ते. प्रोफॉर्मा इन्व्हॉइसच्या पाठकोऱ्या बाजूवर आमचे हिशेब चालतात, आणि कापलेल्या कडांची पुसणी होऊन मशीनवर जातात. फ्रुगल, थ्रिफ्टी, पार्सिमोनियस असे तीन शब्द मिळाले. तिन्हींचा अर्थ डिक्शनरीत जवळपास सारखाच दिसतो.

वर्गावरून

पार्सिमोनियस आधी काढून टाका. विज्ञानात ‘प्रिन्सिपल ऑफ पार्सिमनी’ म्हणजे कमीत कमी गृहीतकांत उलगडा करणं, तिथे तो गुण आहे. माणसाला लावला की भारदस्त कपड्यातला कंजूषच.

थ्रिफ्टी चांगला. ‘थ्राइव्ह’ म्हणजे भरभराट, त्याच घरातला हा शब्द. जपून वापरतो म्हणून भरभराटतो. फ्रुगलही स्तुतीचाच, पण त्यात साधी राहणी जास्त दिसते: फ्रुगल जेवण म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कॅटलॉग बघणाऱ्याला मालकांच्या राहणीशी काय देणंघेणं? आणि ‘आम्ही थ्रिफ्टी’ असं वाचून तो म्हणेल, मग सूतही जपूनच घालत असतील. टॉवेलच्या धंद्यात हा विचार परवडणार नाही. काटकसर कशात ते लिहा: ‘वुई वेस्ट व्हेरी लिटल’. पाणी, रंग, रसायनं यांच्यासाठी ‘स्पेअरिंग’ चालतो. ‘स्पेअरिंग इन अवर यूज ऑफ वॉटर’ हे हल्ली परदेशी गिऱ्हाइकाला आवडतं. खरं असेल तरच लिहा म्हणजे झालं.

लीड्सवाला_सोलापूरकर

मूळ पत्राबद्दल राहिलंच. ब्रिटिश माणसाला माणूस म्हणून काही म्हणू नका, दराला म्हणा. ‘यू आर स्टिंजी’ लिहिलंत तर तो हसून वाचेल आणि पुढची ऑर्डर दुसरीकडे टाकेल. ‘द प्राइस इज नॉट व्हेरी जनरस’ असं लिहा. आपल्याला हे मिळमिळीत वाटतं, पण तिकडे ‘नॉट व्हेरी’ फार जोरात लागतं. इथे माझा बॉस एखादी गोष्ट ‘नॉट आयडियल’ म्हणतो तेव्हा आम्ही समजतो की आज रात्री उशिरापर्यंत थांबायचंय. ‘अनजनरस’ हा थेट शब्दही आहे, पण तो बहुतेकदा मनाच्या कोतेपणाबद्दल येतो, म्हणजे कुणाच्या कामाबद्दल तिरकस शेरा मारला तर तो शेरा ‘अनजनरस’.

टॉवेल_डेस्क

मालकांना वाचून दाखवलं. मसुदा असा झाला:

‘वुई नो यू आर नॉट बीइंग मीन. बट ॲट ५०० जीएसएम, द ओल्ड प्राइस इज नॉट व्हेरी जनरस टू अस.’ खाली सुताच्या वाढीव वजनाचा हिशेब आणि नवा दर.

मालकांना हे फार गोड वाटतंय. ‘व्हेरी’ काढा म्हणतात.

लीड्सवाला_सोलापूरकर

व्हेरी काढू नका. त्या ‘व्हेरी’मुळेच वाक्य सभ्य राहतंय. ते काढलं तर उरतं ते भांडण. मालकांना सांगा, राग नव्या दरात भरा.

गड्डा_यात्रा

बरं, फोनवर बोलायची वेळ आली तर? उच्चार स्टिंगी की स्टिंजी?

वर्गावरून

कंजूष असेल तर स्टिंजी. स्टिंगी म्हटलंत तर ‘झोंबणारं’ असा अर्थ होतो.