पुढचे टायर दोन्ही कडांनी झिजले आहेत : दोष हवेचा, अलाइनमेंटचा की चालवण्याचा?

नमस्कार. मी सोलापुरात होटगी रस्त्याच्या बाजूला राहतो. चादरी आणि टॉवेल यांचा घाऊक व्यवसाय असल्यामुळे माझी पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर या बाजूंना सतत जात असते. जाताना मागची सीट आडवी करून गठ्ठे भरलेले असतात आणि येताना गाडी बहुधा रिकामी असते. टायर गाडीबरोबर आलेले, ट्यूबलेस आहेत आणि जेमतेम अठ्ठावीस हजार किलोमीटर चालले आहेत.

पुढच्या दोन्ही टायरांची नक्षी मध्यभागी अजून चांगली आहे, परंतु कडा घासून गेल्या आहेत. मोजून पाहिले असता मधल्या खाचांत पाच मिलिमीटर आणि कडेला तीनच्या आसपास खोली भरते. डाव्या टायरची बाहेरची कड सर्वांत वाईट असून, खाचेच्या तळाशी झिजेची मर्यादा दाखवणारा जो १.६ मिलिमीटर उंचीचा रबरी उंचवटा असतो, तो तेथे नक्षीच्या जवळजवळ बरोबरीला आला आहे. त्या टायरवरून तळहात बाहेरून आत फिरवला तर गुळगुळीत लागते. आतून बाहेर फिरवला तर करवतीच्या दात्यांसारखी धार बोटांना लागते. मागचे टायर मात्र सारखे झिजले आहेत.

एका अलाइनमेंटवाल्याने, म्हणजे चाकांची दिशा व कोन जुळवून देणाऱ्याने, गाडी यंत्रावर न चढवताच ‘अलाइनमेंट गेली, चारही टायर टाका’ असे सांगितले, तर पंक्चरवाल्याच्या मते हवा कमी पडते आहे. दरवाजाच्या खांबावरील स्टिकरप्रमाणे चारही चाकांत ३३ पौंड आणि पूर्ण भार असताना मागे ३६ पौंड हवा हवी. मी महामार्गावरील पंपावर, बहुतेक वेळा तुळजापूरहून परतताना, हवा तपासून घेतो. यंत्रावर आकडा लावला की कमी असलेली हवा भरली जाते आणि जास्तीची सोडली जाते. उन्हाळ्यात तो आकडा ३१ ठेवतो, कारण तापलेल्या रस्त्यावर हवा फुगून टायर फुटतो असे आमच्याकडील वाहतूकदार मंडळी सांगतात आणि एप्रिल-मे महिन्यांतील सोलापूरचे ऊन पाहता ते पटतेही.

गाडी मी आणि माझे चिरंजीव असे दोघे चालवतो. महामार्गावर वेग शंभरच्या आत असतो. मात्र साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अचानक समोर येतात आणि ब्रेक जोरात दाबावा लागतो. खेड्यांकडच्या अरुंद रस्त्यांवर समोरून ट्रॅक्टर आला की डावी चाके डांबरावरून खाली साइडपट्टीवर उतरवावीच लागतात.

स्टिकरइतकी हवा भरत असूनही कमी हवेच्या खुणा का दिसाव्यात, आणि डाव्या टायरची एकच कड इतकी का जावी? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

मी टायरच्याच व्यवसायात आहे. तुमच्या वर्णनात दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळले आहेत, म्हणून तुम्हाला सल्ला देणारे दोघेही अर्धे बरोबर आहेत.

दोन्ही कडा झिजणे आणि मध्यभाग शिल्लक राहणे ही कमी हवेची खूण आहे. हवा कमी असली की टायरचा मधला भाग किंचित आत दबतो आणि भार कडांवर येतो. हवा जास्त असली तर याच्या उलट मध्यभाग आधी जातो. स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो, म्हणजे गाडी तीन तास तरी उभी असताना किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत चाललेली असताना घेतलेल्या मापासाठी. तुळजापूरहून पंचेचाळीस किलोमीटर धावून आलेल्या टायरचे रबर आणि आतली हवा तापलेली असते. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की दाब एक पौंडाने वाढतो. त्यामुळे सकाळी ३३ भरणारा टायर पंपावर ३६ ते ३८ दाखवणारच. यंत्राने तो वाढीव दाब सोडून दिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये २८-२९ पौंडच उरतात. उन्हाळ्यात तुम्ही आकडा आणखी खाली लावता आणि थंडीच्या पहाटे तर दाब मुळातच आणखी उतरलेला असतो.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवण्याची समजूत आपल्याकडे फार घट्ट बसलेली आहे, पण ती उलटी आहे. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते व पुन्हा सरळ होते आणि या सततच्या दबण्यानेच टायर आतून तापतो. भरलेली गाडी, तापलेला रस्ता आणि महामार्गाचा वेग एकत्र आले की टायर फुटतो तो बहुधा याच उष्णतेने. उन्हाने वाढणारे चार-पाच पौंड सोसण्याची ताकद चांगल्या टायरमध्ये असतेच.

डाव्या कडेचे कारण वेगळे आहे. तळहाताला लागणारी धार ही चाकाची दिशा बिघडल्याची, म्हणजे टो चुकल्याची खूण आहे. बाहेरून आत गुळगुळीत आणि आतून बाहेर धारदार लागते, याचा अर्थ चाके पुढच्या बाजूने गरजेपेक्षा जास्त आत वळलेली आहेत आणि टायर चालता चालता थोडा आडवाही घासला जातो. हवा कितीही अचूक ठेवली तरी हा दोष जाणार नाही.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त चालवण्याच्या सवयींविषयी थोडे लिहितो. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे उजवीकडचे वळण जास्त रुंद असते आणि चालक ते अधिक वेगात घेतो. चौकातील वर्तुळाला वळसा घालतानाही गाडी उजवीकडेच वळत राहते. अशा वेळी गाडीचा भार डाव्या पुढच्या चाकाच्या बाहेरच्या कडेवर जातो. वळणात शिरण्याआधीच वेग कमी केला तर ही झीज बरीच घटते. जोराच्या ब्रेकनेही वजन पुढे येते, आणि आपल्या छोट्या गाड्यांत ओढ, वळण आणि इंजिनाचा भार हे सगळे पुढच्याच चाकांवर असल्याने मागचे टायर बरे दिसतात. साइडपट्टीवर उतरणे टाळता येत नाही हे मान्य आहे, पण वर चढताना डांबराच्या कडेला घासत चढू नये. वेग अगदी कमी करून थोड्या तिरक्या कोनात चढावे. टाय रॉडला, म्हणजे स्टीअरिंगचे वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याला, मार बसतो तो तिथेच.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आपल्या सूचनेप्रमाणे सकाळी गाडी हलवण्याआधी स्वतःच्या गेजने हवा मोजली. मागच्या चाकांत ३०, पुढे उजवीकडे २८ आणि डावीकडे फक्त २६ पौंड भरली. डाव्या चाकाच्या व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावले असता बारीक बुडबुडा फुगून हळूहळू मोठा होत गेला. आता आधी अलाइनमेंट करावी की टायर बदलावेत? आणि मागचे चांगले टायर पुढे आणून पुढचे मागे टाकले तर चालेल का?

प्रतिसाद १

व्हॉल्व्ह लगेच बदला, खर्च किरकोळ आहे. त्यानंतर गाडी वर उचलून टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश, म्हणजे पुढच्या चाकांना स्टीअरिंग व सस्पेन्शनशी जोडणारे सांधे, तपासून घ्या, कारण यांतील एखादा भाग ढिला असेल तर आज केलेली अलाइनमेंट लवकरच पुन्हा बिघडते. मग पुढचे दोन टायर बदला आणि सर्वांत शेवटी, थंड हवा ३३ भरून, अलाइनमेंट करा. आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला छापील कागद मागून घ्या. जो गाडी यंत्रावर न चढवता निदान करतो, त्याच्याकडे हे काम देऊ नका. चारही टायर टाकण्याची गरज मला दिसत नाही.

अदलाबदलीबाबत म्हणाल तर इतके झिजलेले टायर मागे टाकू नयेत. ओल्या रस्त्यावर मागचे टायर निसटले तर गाडी गरकन फिरते आणि सावरणे अवघड जाते. म्हणूनच दोनच टायर नवीन घेताना ते मागे बसवून मागचे चांगले टायर पुढे आणावेत, असे टायर कंपन्याही सुचवतात. यापुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला अदलाबदल करत राहा. टायर घेताना बाजूवरचे, तो कधी बनला हे सांगणारे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. गठ्ठे भरून निघायचे असेल त्या सकाळी घरीच मागे ३६ पौंड भरा. परतताना गाडी रिकामी असली तरी गरम टायरची हवा सोडू नका.