नागमोडी रेषा वेगळ्या, तरंगते ठिपके वेगळे

वर एकाने डोळ्यासमोर काळे धागे तरंगतात असं लिहिलंय, तर एका ताईंना चमचमत्या नागमोडी रेषा दिसतात. दोन्हींना ‘स्क्रीन कमी करा’ हाच सल्ला मिळालाय, तो काही पटला नाही.

ताई, तुमचं वर्णन मायग्रेनशी जुळतं. रेषा हळूहळू पसरतात, 20-30 मिनिटांत ओसरतात, डोकं दुखेलच असं नाही. एकेक डोळा झाकून बघा. दोन्ही डोळ्यांना दिसत असेल तर उगम बहुधा मेंदूत. पहिल्यांदाच होत असेल, त्यातून पन्नाशी उलटली असेल, तर दाखवून घ्याच. बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळा पडला तर थेट इस्पितळ.

धाग्यांचं म्हणाल तर डोळ्यातला जेलीसारखा भाग वयानुसार आकसतो, मागच्या पडद्यापासून (रेटिना) सुटतो, त्यातूनच हे धागे-ठिपके दिसतात. जुने एक-दोन ठिपके असले तर असू देत. पण अचानक ठिपक्यांचा थवा, अंधारात कडेला वीज चमकल्यागत उजेड, किंवा एका बाजूने सरकत येणारी काळी सावली दिसली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा, पडदा फाटल्याची किंवा जागेवरून सुटल्याची ती खूण असू शकते. पडदा नुसता फाटलाय तोवर बहुतेकदा लेसरवर भागतं, सुटला की बहुधा ऑपरेशन. दुखत नाही म्हणून थांबू नका, पडद्याला वेदना कळतच नाही. मोठा मायनस नंबर किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना धोका जास्त.

चष्म्याच्या दुकानातली तपासणी इथे कामाची नाही. पडदा बघायला नेत्रतज्ज्ञ थेंब घालून बाहुली मोठी करतात, नंतर काही तास धूसर दिसतं. सोबत कुणाला तरी न्या, गॉगलही ठेवा.