अस्वलाचं कातडं भिंतीवर कसं टांगावं? मदत हवी आहे

मंडळी, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात आजोबांच्या काळातलं अस्वलाचं कातडं आहे, डोक्यासकट. कागद आधीच सांगतो, नाहीतर पहिला प्रश्न तोच येईल: १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालचं मालकी प्रमाणपत्र आहे, वडिलांनंतर वारसाची नोंदही सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात केली. विकायचं नाही, विकताही येत नाही.

इतकी वर्षं ते दिवाणावर पसरलेलं होतं. आता नातू त्यावर उड्या मारतो, म्हणून भिंतीवर न्यायचंय. सुतार म्हणाला, "चार खिळे ठोकतो." मी हात धरला! कातडं कोरडं झालंय, भोकापासून फाटत जाईल. मागे जाड कापड शिवून वर लाकडी पट्टी घालायची, असं मनात आहे. पण डोक्याचं वजन मानेच्या शिवणीवर येईल. त्याला खालून वेगळा आधार कसा देता?

शिवाय उन्हाळाभर खोलीत कूलर. त्या ओलाव्याने बुरशी धरेल का? पोटाकडे कसर लागलेली दिसते, थोडे केसही गळतात. डांबराच्या गोळ्या नकोत, घरात लहान मूल आहे.

कुणी स्वतः टांगलं असेल तर फोटो टाका ना.